फळ कोणाच्या पदरात

माणदेशातल्या बैलगाडी शर्यतीच्या मैदानात गाडीच्या आधी देवाचं नाव पुकारलं जातं. 'सिद्धनाथ प्रसन्न', 'नाथसाहेब प्रसन्न' अशी हाळी लाउडस्पीकरवरून उठते, मग मालकाचं नाव येतं, मग गावाचं आणि मग बैलांची नावं. नोंदीपुरतं बोलायचं तर गाडी देवाची असते. जिंकल्यावर मात्र बक्षिसाची रक्कम मालकाच्या हातात पडते, ढाल त्याच्या घरात लागते, गुलाल गावावर उधळला जातो, आणि ज्यांच्या पायांनी ते अंतर कापलं ते दोन बैल पाणी पिऊन टेम्पोत चढतात.

कर्म कोणाचं आणि फळ कोणाचं, हा आपल्याकडचा सगळ्यात जुना प्रश्न. कीर्तनात तो ऐकताना सोपा वाटतो, कारण तिथे फळ म्हणजे पुण्य, मोक्ष, पुढचा जन्म अशी दूरची गोष्ट असते. मैदानात तोच प्रश्न रोकडा होऊन समोर येतो. इथे फळ हेच पुढच्या हंगामाचं भांडवल असतं. ज्याच्या कणगीत धान्य आहे त्याला 'फळाची आशा धरू नकोस' हे सांगणं एक, आणि ज्याचं फळ हेच बियाणं आहे त्याला सांगणं निराळं. लहान माणसाला निष्काम होणं परवडतं का, आणि परवडत नसेल तर तो धर्मात उणा ठरतो का, याचा विचार करायला म्हसवडच्या आसपासचा मुलूख चांगला आहे.

म्हसवड हे सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडचं, माण नदीकाठचं गाव. पाऊस बेताचा, दुष्काळ पाचवीला पुजलेला. ग्रामदैवत सिद्धनाथ-जोगेश्वरी. दिवाळीच्या पाडव्याला देवाच्या लग्नाचे विधी सुरू होतात, तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला लग्न लागतं आणि देवदिवाळीला रथ निघतो. गुलाल-खोबऱ्याची उधळण आणि चांगभलंचा गजर यांत गाव बुडून जातं. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीला हाच सिद्धनाथ आहे आणि तिथल्या यात्रेतला खिलार जनावरांचा बाजार नावाजलेला आहे. देव, यात्रा, खिलार आणि शर्यत या चार गोष्टी या पट्ट्यात वेगळ्या करता येत नाहीत. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेतलं हिंदकेसरी मैदान मारणं म्हणजे बैलाचं आयुष्य बदलणं.

कसं बदलतं तेही पाहायला हवं. मैदानात गाड्यांचे गट पडतात, कुणाची गाडी कुठल्या गटात ते चिठ्ठीवर ठरतं. गटात पहिला येणारा सेमीला जातो, तिथून फायनल. अनेक गाड्या एका गटातच संपतात. पहाटे उठून शेजारच्या जिल्ह्यातून आलेला मालक काही सेकंदांची धाव पाहतो आणि परतीच्या वाटेला लागतो. प्रवेश फी, टेम्पोचं भाडं, सोबत आलेल्या पोरांचं जेवण हा खर्च हरला तरी होतोच. वर्षभराची सरकी पेंड, उडीद, दूध आणि सरावाचा गडी हे त्याच्याही आधीचं.

पुष्कळदा मालकाकडे पळणारा बैल एकच असतो. मग तो दुसऱ्या एका मालकाशी पैरा करतो: एक बैल याचा, एक त्याचा. बक्षीस वाटून घेतात. इथे नाव कामाला येतं. ज्या बैलाने दोन-तीन मोठी मैदानं मारली आहेत त्याच्याशी पैरा करायला लोक रांग लावतात, त्याला चांगला जोडीदार मिळतो, चांगला गाडीवान मिळतो, म्हणून तो पुन्हा जिंकतो. ज्याचं नाव झालेलं नाही त्याला पैरा मिळतो तोही त्याच्यासारखाच. शर्यतीच्या या जगात गुणांचा अधिकृत तक्ता कुठे टांगलेला नाही, पण प्रत्येक शौकिनाच्या डोक्यात तो पाठ असतो, आणि बाजारात बैलाला लाखांचा भाव येतो तो त्या तक्त्यावरूनच. बक्षिसंही फुगत गेली. २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीच्या मैदानात पहिल्या क्रमांकाला थार गाडी होती. ज्याचा बैल पुढे आहे त्याचं पुढे राहणं त्यातून आणखी पक्कं होतं.

हीच गोष्ट हजारो मैलांवर, कित्येक पट पैशात, कागदोपत्री तक्ता ठेवून चालते. फॉर्म्युला वनच्या मोटार शर्यतीत पहिल्या दहा गाड्यांना गुण मिळतात: पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, उतरत उतरत दहाव्याला १. वर्षअखेर संघांच्या गुणांची बेरीज होते, त्यावर क्रमांक लागतात आणि क्रमांकावर बक्षिसाच्या पैशाचा मोठा भाग ठरतो. तो पैसा पुढच्या वर्षी हातात येतो. त्यातूनच नवी गाडी बनते, कामगारांचे पगार होतात. मोठ्या मोटार कंपनीच्या संघाला एखादा क्रमांक घसरला तर वाईट वाटतं. लहान संघाचं पोट त्या एका क्रमांकावर असतं.

२०१६ सालचं उदाहरण इतकं नेमकं आहे की एखाद्या शास्त्रकाराने दृष्टान्त म्हणून रचावं. मॅनर नावाचा लहानसा ब्रिटिश संघ. त्या वर्षी ऑस्ट्रियातल्या शर्यतीत त्यांचा तरुण चालक पास्काल वेर्लाइन दहावा आला आणि संघाला एक गुण मिळाला. संबंध वर्षात एकच. स्वित्झर्लंडच्या सौबर संघाकडे शून्य होतं, म्हणून मॅनर दहावा आणि सौबर अकरावा. अकराव्याला दहाव्याच्या मानाने फारच थोडं मिळणार होतं. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलला शेवटून दुसरी शर्यत झाली. धो-धो पाऊस, गाड्या घसरून भिंतींवर आदळताहेत, शर्यत पुनःपुन्हा थांबते आहे. त्या गोंधळात सौबरचा फेलिपे नासर, आपल्याच देशातल्या प्रेक्षकांसमोर, गाडी सांभाळत नववा आला. दोन गुण. सौबर दहावा झाला, मॅनर अकरावा. येणारा पैसा गेला, बोलणी चाललेला गुंतवणूकदार टिकला नाही, आणि जानेवारी २०१७ मध्ये मॅनरचं दिवाळं निघून २१२ माणसं घरी गेली.

पुढचं ऐकण्यासारखं आहे. ज्या नासरने ते दोन गुण आणले त्याला सौबरने पुढच्या वर्षी ठेवलं नाही. त्याच्या जागी घेतला तो वेर्लाइन, म्हणजे ज्याचा संघ नासरच्या त्या दोन गुणांनी बुडाला तोच. ज्याने केलं त्याला काही मिळालं नाही, आणि ज्याच्या विरुद्ध झालं त्याला ते मिळालं.

मॅनरची आधीची कहाणीही तशीच आहे. २०१४ मध्ये हा संघ मारुसिया या नावाने पळत होता. मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर ज्यूल बियांकी या फ्रेंच तरुणाने शेवटच्या रांगांतून सुरुवात करून गाडी आठव्या जागी आणली, वेळेचा दंड झाला म्हणून नववा ठरला. दोन गुण मिळाले, संघाच्या इतिहासातले पहिले. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला जपानच्या पावसात त्याची गाडी ट्रॅकवरून घसरली आणि दुसरी गाडी उचलायला आलेल्या यंत्रावर आदळली. तो बेशुद्धीतून परत आला नाही. १७ जुलै २०१५ रोजी, पंचविसाव्या वर्षी, गेला. अपघातानंतर काही आठवड्यांत संघाचं दिवाळं निघालं. पण मोनॅकोच्या त्या दोन गुणांमुळे संघ वर्षअखेर नववा होता, शून्य गुणांच्या सौबरच्या वर. त्या क्रमांकामागे येणारा पैसा हाच त्या मोडक्या संघाचा खरा ठेवा होता, आणि त्याच्या आशेवर नवा मालक उभा राहून २०१५ मध्ये गाड्या पुन्हा पळाल्या. ज्याने कमावलं तो रुग्णालयात निपचित पडला होता आणि त्याच्या कमाईवर इतरांच्या चुली पेटत होत्या.

त्याच २०१४ मध्ये आणखी एक लहान संघ होता, कॅटरहॅम. पाच हंगामांत त्याला एकही गुण मिळाला नाही. वर्षअखेरीला कंपनी बुडालेली असताना शेवटच्या अबू धाबीच्या शर्यतीला जाण्यासाठी या संघाने लोकांकडे वर्गणी मागितली, ती मिळाली, गाड्या पळाल्या, आणि संघ कायमचा बंद झाला. पाच वर्षं शेकडो माणसांनी रात्री जागवल्या. तक्त्यात त्याची नोंद शून्य.

भारतीय दर्शनांत कर्मफळाच्या वादात दोन दोष सांगितले जातात. केलेल्या कर्माचं फळ न मिळताच ते नष्ट होणं हा कृतप्रणाश, आणि न केलेल्याचं फळ पदरात येऊन पडणं हा अकृताभ्यागम. कुठल्याही तत्त्वज्ञानाने मांडलेल्या व्यवस्थेत हे दोन दोष राहिले तर ती व्यवस्था मोडकी, असं आपले जुने पंडित मानत. क्षणिकवादी बौद्धांवर वैदिकांनी हाच आरोप केला: करणारा क्षणात संपतो आणि भोगणारा दुसराच असतो, तर न्याय कसला? आत्मा नित्य मानायचा, पुनर्जन्म मानायचा, संचित आणि प्रारब्ध मानायचं, या सगळ्यामागे ही एक निकड आहे की हिशेब कुठेतरी जुळला पाहिजे.

शर्यतीच्या हिशेबात हे दोन्ही दोष उघड्यावर पडलेले दिसतात, आणि ते सगळ्यात स्वच्छ दिसतात भारताचं नाव लावलेल्या संघात. विजय मल्ल्यांनी २००७ मध्ये स्पायकर हा संघ विकत घेऊन त्याचं नाव फोर्स इंडिया ठेवलं. २००८ मध्ये या संघाला एकही गुण मिळाला नाही. पुढच्या वर्षी बेल्जियममध्ये संघाचा चालक फिसिकेला दुसरा आला. २०१६ आणि २०१७ मध्ये तर आपल्यापेक्षा किती तरी श्रीमंत संघांना मागे टाकून हा संघ चौथा आला. पण मालकांचा पैसा आटला होता. जुलै २०१८ मध्ये संघ दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला. त्यासाठीचा अर्ज संघाचाच चालक सर्जिओ पेरेझ याने केला होता, चारशेच्या घरात असलेल्या कामगारांच्या नोकऱ्या वाचाव्यात म्हणून. नव्या मालकांनी मालमत्ता घेतली, पण कायद्याने ती नवी कंपनी होती. म्हणून ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या शर्यतीपासून तिचा नवा जन्म धरला गेला आणि तोवर कमावलेले ५९ गुण तक्त्यातून पुसले गेले. तेच कामगार, त्याच गाड्या, तेच चालक, आणि संघाचे गुण शून्य. त्याच बेल्जियममध्ये त्यांच्या दोन गाड्या पाचव्या आणि सहाव्या आल्या. वर्षअखेर ५२ गुण आणि सातवा क्रमांक.

केलेलं पुसलं गेलं, हा झाला कृतप्रणाश. पण त्याच वेळी इतर संघांच्या संमतीने आधीच्या वर्षांच्या कामगिरीवरच्या बक्षिसाचा हक्क नव्या कंपनीकडे चालू राहिला. त्यावर एका प्रतिस्पर्धी संघाने पुढे तक्रार केली: ज्यांनी कमावलं नाही त्यांना का? अकृताभ्यागमाचाच हा आक्षेप, फक्त वकिलांच्या भाषेत. आणि चालकांचे स्वतःचे गुण मात्र जसेच्या तसे राहिले. एकाच कर्माचे तीन हिशेब झाले: एक पुसला, एक पुढे गेला, एक जागच्या जागी राहिला. १९९१ मध्ये जॉर्डन म्हणून जन्मलेला हा संघ मिडलँड, स्पायकर, फोर्स इंडिया, रेसिंग पॉइंट असे देह बदलत आज अ‍ॅस्टन मार्टिन म्हणून पळतो, आणि तळ इंग्लंडातल्या सिल्व्हरस्टोनचाच आहे. पुनर्जन्मावर विश्वास नसलेल्यांनीही, हिशेब जुळवायची वेळ आली तेव्हा, कंपनीच्या देहापलीकडे काहीतरी टिकतं हे गृहीत धरलं.

आता फळाच्या आशेकडे यावं.

महाराष्ट्राने गीता वाचली ती बहुतांशी काम करणाऱ्या माणसाच्या बाजूने. ज्ञानेश्वरांनी ती लोकांच्या भाषेत आणली. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं, ते १९१५ मध्ये छापून आलं. कर्म सोडायचं नाही, नियोजन आणि नेट सोडायचा नाही, फळाची आसक्ती तेवढी सोडायची, असा त्या ग्रंथाचा रोख आहे. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. फळ आणि फळाची आसक्ती यांतला हा भेद महत्त्वाचा आहे, कारण बक्षीस नाकारणं म्हणजे निष्काम होणं नव्हे. पण तो भेद केला तरी लहान माणसाची अडचण पुरती सुटत नाही. मॅनरच्या मालकाने मनातून गुणांची आसक्ती काढून टाकली असती तरी २१२ जणांचा पगार अडलाच असता. चित्त शांत असणं ही एक गोष्ट, दुसऱ्याचं देणं अंगावर असणं ही दुसरी.

खाशाबा जाधवांची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ते सातारा जिल्ह्यातलेच, कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. सरकारदरबारी पुरेसं काही मिळालं नाही. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं घेतली, त्यांत लढले, आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं.

या कुस्त्या सकाम होत्या की निष्काम? पैशासाठी होत्या, म्हणून सकाम म्हणाव्यात तर तो पैसा स्वतःसाठी नव्हता. खाशाबांनी 'मला फळाची आशा नाही' म्हणून स्वस्थ बसायचं ठरवलं असतं तर गेलं असतं दुसऱ्याचं घर. आपल्या परंपरेत ऋण हाही धर्माचाच शब्द आहे. माणूस जन्मतो तो देव, ऋषी आणि पितर यांचं ऋण घेऊन, असं ती सांगते. लहान माणसाच्या आणि लहान संघाच्या बाबतीत फळ हे बहुधा आधीच कुणाचं तरी देणं असतं. त्याची इच्छा धरणं हा लोभ नाही, ती शब्दाला जागण्याची तळमळ आहे.

तुकोबांच्या चरित्रातला प्रसंग याच्या दुसऱ्या बाजूने बोलतो. परंपरा सांगते की वैराग्य आल्यावर तुकोबांनी लोकांकडून येणं असलेली कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. पण सगळी नाही. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तुम्ही साधू झालात, मला संसार आहे. तेव्हा खतांची वाटणी झाली. कान्होबाची अर्धी त्याला मिळाली आणि बुडाली ती तुकोबांच्या वाट्याची. या कथेत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. त्याग केला तो ज्याचं येणं होतं त्या सावकाराच्या बाजूने. कर्जदारांना कुणी वैराग्याचं प्रवचन दिलं नाही. आणि त्याग फक्त स्वतःच्या वाट्याचा केला. भावाच्या घासाचा त्याग आपण करावा, हे तुकोबांना सुचलंही नाही. एखादा संघमालक किंवा बैलमालक 'आम्ही पैशासाठी नाही, नादासाठी पळतो' असं अभिमानाने म्हणतो तेव्हा त्याच्या गड्याचा, गाडीवानाचा, पैऱ्यातल्या जोडीदाराचा वाटा त्याने मनातल्या मनात कुठल्या नदीत सोडला आहे, हे विचारायलाच हवं.

म्हणजे खरा प्रश्न सरकून वेगळ्या जागी येतो. फळाची आशा सोडा हे सांगणं कर्त्याला लागू आहे. फळ कसं वाटायचं हा प्रश्न वाटणाऱ्याचा आहे, आणि तिथे वैराग्याची नव्हे, न्यायाची भाषा लागते. या दोन गोष्टींची गल्लत आपल्याकडे सर्रास होते. कष्टकऱ्याने हिशेब मागितला की त्याला गीता ऐकवली जाते.

दहाव्याला भरघोस आणि अकराव्याला जवळजवळ काही नाही, ही रेघ देवाने ओढलेली नव्हती. ती माणसांनी टेबलावर बसून, करारात लिहून ओढली होती. म्हणूनच माणसांनी ती बदलायचाही प्रयत्न केला. २०२१ पासून फॉर्म्युला वनमध्ये संघांच्या खर्चाला मर्यादा आली, पहिल्या वर्षी १४.५ कोटी डॉलर. त्याच सुमाराला आणखी एक नियम आला, आणि तो अधिक विचार करण्यासारखा आहे: गाडीवरून हवा कशी वाहते याच्या चाचण्यांसाठी मिळणारा वेळ क्रमांकाच्या उलट दिला जातो. २०२२ पासून पहिल्या आलेल्या संघाला ठरलेल्या वेळेच्या ७० टक्के आणि दहाव्याला ११५ टक्के. बक्षिसाचा पैसा अजून वरच्यालाच जास्त मिळतो, पण शिकण्याची संधी खालच्याला जास्त. मोठ्या संघांनी हे उदार होऊन मान्य केलं असं नाही. शर्यतीत पळायला कुणी उरलंच नाही तर आपण कुणाला हरवणार, हे त्यांना कळून चुकलं होतं. पण कारण काहीही असो, वाटणीचा नियम बदलता येतो हे त्यातून दिसलं.

म्हसवडला हे सांगायला इंग्लंडला जावं लागत नाही. १९९७ मध्ये चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने इथे माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत पाठवला, कारण प्रवर्तक बायकांनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि म्हणाल्या की आम्हाला व्याजाचा हिशेब घाला, तुमच्या माणसांनाही घाला, बघा कोण आधी करतं. परवाना मिळाला. तक्त्यात ज्यांच्या नावापुढे शून्य होतं त्यांच्या अंगी काय आहे हे तक्ता सांगू शकत नव्हता. मागची कामगिरी पाहूनच पुढची संधी द्यायची ठरवली तर ज्याला पहिली संधीच मिळाली नाही तो कायम बाहेर राहतो, हे बैलाच्या पैऱ्यात खरं आहे, मोटार संघात खरं आहे आणि कर्जाच्या खिडकीवरही खरं आहे.

धर्माच्या बाजूने पाहिलं तर याच मुलखात दोन रथ आहेत आणि दोन्हींकडून शिकण्यासारखं आहे. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या रथावर भाविक नोटा वाहतात, इतक्या की रथ नोटांनी झाकून जातो. नंतर त्या मोजल्या जातात आणि रक्कम जाहीर होते. म्हसवडचा रथ असंख्य माणसांच्या हातांनी पुढे सरकतो, आणि तो हलला त्याचं श्रेय कुणा एकाला देता येत नाही. यात्रेत मान ठरलेले असतात, कुणाचा पहिला, कुणाचा दुसरा. मानावरून भांडणंही होतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रसाद वाटताना रांगेतल्या माणसाने किती ओढलं हे कुणी विचारत नाही. मानाला क्रम आहे, प्रसादाला नाही. शर्यतीच्या मैदानाने देवाचं नाव घेताना मानाची रीत उचलली आणि प्रसादाची मागे ठेवली, हे खरं दुखणं आहे.

आणि या सगळ्यात ज्याचं कर्म सगळ्यात उघड आहे, त्याचा वाटा सगळ्यात धूसर आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. जनावराला भूक, तहान, भीती आणि वेदना यांपासून मोकळीक हवी, हे त्या निकालाने ठासून सांगितलं. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. चाबूक, काठी, विजेचा झटका यांना मनाई आहे. बंदीच्या काळात खिलार पाळणं परवडेना, बैल खाटकाच्या वाटेला लागले, असं या भागातले मालक सांगतात. त्यात तथ्य आहे, आणि तेच अस्वस्थ करणारंही आहे: शर्यत नसेल तर बैल नको, असा त्याचा अर्थ होतो. बैलाला फळाची आशा नसते, बक्षीस थार आहे की पितळी ढाल हे त्याला ठाऊक नसतं. गीतेचा निष्काम कर्ता मैदानात कुणी असेलच तर तो जुवाखाली आहे. अशा कर्त्याच्या निष्कामपणावर आपण किती जगायचं, हे ठरवणं आपल्याकडे येतं.

२०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला जनावरांची छावणी उघडली. हजारो जनावरं आणि त्यांच्यासोबत त्यांची माणसं तिथे महिनोन् महिने राहिली. छावणीत चाऱ्याचा हिशेब असतो, आणि तो कडक असतो: मोठ्या जनावराला इतका, लहानाला त्याच्या निम्मा. कुणी कुठलं मैदान मारलं, कुणाची बाजारात किंमत किती, हे त्या हिशेबात येत नाही. भाकड गाय आणि पळणारा खिलार एकाच मापाने खातात. हा काही बक्षीस वाटण्याचा नमुना होऊ शकत नाही, शर्यतीत पहिला तो पहिलाच. पण फळाचा एक भाग क्रमांकाने आणि एक भाग गरजेने वाटता येतो, हे याच गावाने छावणीच्या नोंदवहीत लिहून दाखवलं आहे.

मैदान भरवणाऱ्या यात्रा समित्यांच्या हातात यातलं पुष्कळ आहे. पहिल्या बक्षिसाची गाडी थोडी लहान करून गट जिंकणाऱ्या प्रत्येकाची प्रवेश फी परत करता येईल, म्हणजे लांबून आलेला एका बैलाचा मालक गट जिंकूनही रिकाम्या हाती परतणार नाही. गाडीवानाचा वाटा मालकाच्या मर्जीवर न सोडता पुकाऱ्याच्या वेळीच जाहीर करता येईल. आणि पळणं थांबलेल्या बैलांच्या चाऱ्यासाठी प्रत्येक मैदानाच्या जमेतून ठरावीक रक्कम देवस्थानाकडे ठेवता येईल. शर्यतीआधी बैल धडधाकट असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला आज लागतोच, म्हणजे बैलाची नोंद करायची वही आहे. तिच्यात आणखी एक रकाना आखायचा, बैल पळायचा थांबल्यावर कोणाच्या गोठ्यात आहे त्याचा, आणि तो वर्षातून एकदा, यात्रेच्या आधी, भरून घ्यायचा.